आयुक्त महोदय, पॅडलची रांग मोडू नका

प्रति,
मा. आयुक्त,
आपली महानगरपालिका
(उद्यान विभाग आणि क्रीडा विभागानेही वाचावं, ही विनंती)

महोदय,

गेल्या मंगळवारी सकाळी बागेच्या फाटकावर एक कागद डकवलेला दिसला. वर महापालिकेचं बोधचिन्ह, खाली गोल शिक्का. बागेच्या मागच्या कोपऱ्यातली ‘विनावापर पडून असलेली काँक्रीटची जागा’ आणि तिला लागून असलेली मोकळी पट्टी पिकलबॉलसाठी (जाळीवरून भोकांचा प्लास्टिकचा चेंडू मारायचा खेळ) पाच वर्षांच्या भाडेकरारावर द्यायची आहे, असा मजकूर. चार कोर्टं, फ्लडलाइट, रात्री अकरापर्यंत खेळ, बुकिंग ॲपवर. तो कागद वाचताना माझ्या हातात पॅडल, म्हणजे या खेळाची बॅट, होतं. त्या विनावापर जागेवर त्या वेळी चौघं खेळत होते आणि माझ्या आधी आणखी सहा जणांचा नंबर होता.

या जागेवर खेळायची लेखी परवानगी द्या, म्हणून गेल्या दीड वर्षात आम्ही दोन अर्ज दिले. दोन्हींच्या आमच्याकडच्या प्रतीवर आवक विभागाचा शिक्का आहे. उत्तर एकालाही नाही. तिसरा अर्ज देण्याऐवजी हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

आधी माझं सांगते. वय ६३. एसटीच्या डेपोत हिशेबाच्या टेबलावर ३१ वर्षं काढली. कॉलेजात बॅडमिंटन खेळायचे, नंतर घर, डेपो, घर. निवृत्तीनंतर गुडघे बोलायला लागले आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलं, म्हणून या बागेत यायला लागले. चालण्यात मन रमत नाही हो. फेऱ्या मोजायच्या आणि घरी जायचं. चार वर्षं एकाच ट्रॅकवर रोज समोरून येणाऱ्या माणसाचं नाव मला माहीत नव्हतं.

त्या कोपऱ्यात एक जुनं बॅडमिंटन कोर्ट होतं. होतं म्हणजे, खाली होतं, वर शेवाळ. एका खांबाला जाळीऐवजी कुणीतरी कपडे वाळत घालायची दोरी बांधलेली. बागेच्या ठेकेदाराचा पालापाचोळा तिथेच पडायचा. आमच्या इमारतीतल्या एक काकू मुलीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला गेल्या होत्या. तिथल्या बागेत रोज सकाळी साठी-सत्तरीची माणसं हा खेळ खेळतात, ते पाहून त्याही शिकल्या. जाताना बॅगेत डिंकाच्या लाडवांचे डबे नेले होते, येताना त्या जागेत चार पॅडलं आणि सहा चेंडू घालून आणले.

मग आम्ही सात जण खराटे आणि ब्लीचिंग पावडर घेऊन त्या कोर्टावर उतरलो. दोन रविवार गेले. शेवाळाखालून जुन्या पांढऱ्या रेघा वर आल्या तेव्हा काकूंनी टेप लावून मोजलं आणि हसायलाच लागल्या. बॅडमिंटनचं दुहेरीचं कोर्ट ४४ फूट लांब, २० फूट रुंद. पिकलबॉलचंही तेवढंच, इंचाचाही फरक नाही. फरक फक्त जाळीजवळच्या रेघेत. बॅडमिंटनची सर्व्हिसची रेघ जाळीपासून साडेसहा फुटांवर, पिकलबॉलची सात फुटांवर. सहा इंच मागे आम्ही पिवळ्या ऑइल पेंटची नवी रेघ मारली. ती रेघ थोडी वाकडी आहे. मीच मारली आहे.

हा योगायोग नाही. १९६५ साली अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड आणि त्यांचे मित्र बिल बेल यांना सुट्टीत कंटाळलेल्या घरच्या मंडळींसाठी काहीतरी खेळ हवा होता. अंगणात जुनं बॅडमिंटन कोर्ट होतं, पण सामान धड नव्हतं. मग टेबल टेनिसच्या बॅटी आणि भोकांचा प्लास्टिकचा चेंडू घेतला. चेंडू टप्पा घेतोय म्हटल्यावर जाळी खाली उतरवली. त्यांचे शेजारी बार्नी मॅकॅलम पुढे त्यात आले आणि तिघांनी मिळून नियम बसवले. घरात जे होतं त्यावर भागवलेला हा खेळ आहे. आज तो त्या राज्याचा अधिकृत राज्यखेळ आहे, २०२२ पासून. आपल्याकडे तो आणला तोही मुंबईच्या सुनील वालावलकरांनी. त्यांची अखिल भारतीय संघटना २००८ साली स्थापन झाली. तेव्हा त्यात ना पैसा होता ना फ्लडलाइट.

आपल्या कागदावर ‘मान्यताप्राप्त खेळास प्रोत्साहन’ असंही लिहिलं आहे. केंद्राच्या क्रीडा मंत्रालयाने २०२५ मध्ये या खेळाच्या एका राष्ट्रीय संघटनेला मान्यता दिली, हे खरं. आनंदच आहे. पण प्रोत्साहन कुणाला द्यायचं, एवढाच माझा प्रश्न आहे.

आता तक्रारी.

पहिली त्या शब्दाची. ‘विनावापर’. ज्या जागेवर खेळायची परवानगी मागणारे दोन अर्ज आपल्याच कार्यालयात पडून आहेत, ती जागा विनावापर कशी? पाहणी झाली असेल तर ती दुपारी दोनला झाली असावी. उन्हात त्या वेळी कुत्रंही तिथे बसत नाही.

दुसरी पैशाची. आसपासच्या खासगी टर्फवर आज तासाला बाराशे रुपये घेतात, म्हणजे चौघांत माणशी तीनशे. इथेही तोच दर लागला तर आमच्यातल्या निम्म्या माणसांसाठी विषय तिथेच संपला. सकाळी साडेसातला आमच्यात एक ताई येतात. चार घरच्या पोळ्या करून आलेल्या असतात, साडेआठला पाचव्या घरी जायचं असतं. मधला तास त्या खेळतात. पदर खोचून, चप्पल कडेला काढून यायच्या. मग कुणीतरी बूट आणले, ते त्यांना अर्धा नंबर मोठे होतात, आत कापड कोंबून त्या ते घालतात. त्यांची बॅकहँड घेताना मला घाम फुटतो. त्यांच्याकडून तासाचे तीनशे कोण घेणार आहे, आणि कशाच्या आधारावर? ही जागा विकास आराखड्यात बाग म्हणून आरक्षित आहे. बाग त्यांचीही आहे.

तिसरी तक्रार मोठी आहे, आणि ती दराशी बांधलेली नाही. उद्या आपण म्हणालात की तासाला पन्नासच रुपये घेऊ, तरी ती उरतेच.

आमच्याकडे रांग असते. माणसांची नाही, पॅडलांची. कोर्टाच्या कडेला एक सिमेंटचा बाक आहे. आलं की आपलं पॅडल त्यावर रांगेत ठेवायचं आणि बसायचं. गेम अकरा गुणांचा, दोनच्या फरकाने जिंकायचा. दहा-पंधरा मिनिटांत संपतो. संपला की चौघंही बाहेर आणि रांगेतली पहिली चार पॅडलं आत. मग ती कुणाचीही असोत. जोडी निवडता येत नाही. या खेळात बऱ्याच ठिकाणी मोकळ्या कोर्टांवर ही पद्धत आहे, आम्ही काही शोधून काढलेली नाही. पण तिने आमच्या बागेत काय केलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक अभियंता आहेत, फार कडक. बागेच्या रखवालदाराची मुलगी नववीत आहे. पॅडलं शेजारी पडली म्हणून दोघं एका बाजूला आले. दुसऱ्याच चेंडूला तिने त्यांना ओरडून सांगितलं, ‘काका, सोडा! बाहेर जातोय!’ त्यांनी सोडला. बाहेर गेला. आता तिला बीजगणित शिकवतात ते, त्याच बाकावर, नंबर येईपर्यंत.

खेळच तसा आहे. सर्व्हिस खालूनच करायची, त्यामुळे दणका देता येत नाही. सर्व्हिसचा चेंडू एकदा टप्पा पडू द्यायचा, उलट आलेलाही पडू द्यायचा, मगच हवेतून मारायची मुभा. भोकांमुळे चेंडू हवेत दमतो. आणि जाळीजवळच्या त्या सात फुटांच्या पट्ट्यात, म्हणजे ‘किचन’मध्ये, उभं राहून हवेतला चेंडू मारता येत नाही. त्यामुळे विशीतला पोरगा नुसत्या ताकदीवर साठीच्या बाईला हरवू शकत नाही. त्याला डोकं लावावं लागतं. (आमच्या बायकांचा यावरचा विनोद आता जुना झाला, तरी लिहिते. आयुष्यभर किचनमधून बाहेर या म्हणून कुणी सांगितलं नाही, इथे आत पाय टाकला की सगळे ओरडतात.)

आता ॲपवरचं बुकिंग आणा. चार मित्र सात ते आठ कोर्ट घेतील, चौघंच येतील, चौघंच खेळतील, गाडीत बसून जातील. पुढचे चौघं आठला येतील. त्या दोन चौकड्यांची कधी गाठ पडणार नाही. त्यांचा काही दोष नाही, पैसे भरलेत म्हटल्यावर ते रखवालदाराच्या मुलीला मध्ये का घेतील? बाक राहील, पण त्यावर पाण्याच्या बाटल्या राहतील. कोर्ट एकाचं चार होईल आणि बागेतली ओळख मात्र पुन्हा माझ्या चालण्याच्या ट्रॅकसारखी होईल.

अमेरिकेत रॉजर बेलएअर नावाचे एक वयस्कर गृहस्थ हा खेळ तुरुंगांत जाऊन शिकवतात. शिकागोच्या कुक काउंटी तुरुंगातही त्यांनी कैद्यांना शिकवला. तिथे कुणी ॲपवर स्लॉट घेतला नव्हता. पॅडल, चेंडू, जाळी आणि शिकवायला आलेला एक माणूस, एवढ्यावर चालतं हे. आम्ही त्यामानाने फारच सोप्या ठिकाणी आहोत.

चौथी तक्रार आवाजाची, आणि इथे मला आमच्याही चुका सांगायला हव्यात. पिकलबॉलचा आवाज त्रासदायक आहे. टक, टक, टक. खेळणाऱ्याला गोड लागतो, दुसऱ्याच्या डोक्यात जातो. भिंतीपलीकडच्या इमारतीत रात्रपाळी करून येणारे एक गृहस्थ राहतात. पहिले चार महिने आम्ही पहाटे सहाला सुरू करायचो आणि ते बाल्कनीतून बघत राहायचे. एक दिवस खाली आले आणि शांतपणे म्हणाले, ‘तुमचा एकेक चेंडू मी मोजतो.’ लाज वाटली. तेव्हापासून सात वाजायच्या आत खेळ नाही, रविवारी साडेसात. त्यांच्या बाजूच्या टोकाला जुन्या गोधड्या टांगून पाहिल्या, फारसा उपयोग झाला नाही. मग सकाळच्या पहिल्या तासाला फोमचा चेंडू वापरायला लागलो. खेळायला मजा कमी येते, पण चालतं.

आता आपला कागद म्हणतो रात्री अकरा, आणि एकाऐवजी चार कोर्टं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र दहाला सुरू होते. दहा ते अकरा हा तास आपण कशात बसवणार आहात? भिंतीपलीकडच्या माणसांना कुणी विचारलं? आमच्याशी भांडायला ते खाली येऊ शकले. ॲपशी भांडायला कुठे जाणार?

दुसरी चूक आमची अशी की सुरुवातीला त्या कोपऱ्यात वस्तीतली मुलं क्रिकेट खेळायची आणि आम्ही त्यांना हाकललं. होय, हाकललं. ‘आम्ही साफ केलंय’ म्हणून. एकाने रात्री येऊन आमची पिवळी रेघ खरवडून टाकली, बरोबरच केलं. मग बसून वाटणी ठरली. सकाळ आमची, संध्याकाळी साडेचार ते साडेसहा मुलांची, त्यात क्रिकेटही चालेल. पुढे त्यातल्याच दहा-बारा जणांनी पॅडल हातात घेतलं. आज आमच्यात सर्वांत तेज हात त्या रेघ खरवडणाऱ्याचा आहे. त्याच्या हाताला शिकवण्याचंही बरं वळण आहे, लहान मुलांना तोच शिकवतो.

पाचवी तक्रार एका ओळीत. विचारलं नाही. प्रभागात बैठक नाही, बागेत आधी सूचना नाही, थेट करारावर द्यायचा कागद.

पॅडलांबद्दल लोक विचारतात, तेही सांगते. रखवालदाराच्या केबिनमध्ये एक फळी आहे. त्यावर आज एकोणीस पॅडलं आहेत, बहुतेक कुणीतरी नवं घेतल्यावर सोडून दिलेली. त्यातल्या दोन पॅडलांच्या मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली आहे. ज्याच्याकडे नसेल त्याने फळीवरून घ्यायचं, वहीत नाव लिहायचं, जाताना ठेवायचं. तीन वर्षांत दोन हरवली. त्यातलं एक परत आलं, कुणी आणून ठेवलं ते कळलं नाही. चेंडू फुटतात, त्यासाठी डबा आहे. ज्याला जमेल त्याने टाकावं, हिशेब महिनाअखेर मी फळीवर चिकटवते. डेपोची सवय.

थोडं त्या मंडळींशीही बोलते जी टर्फवर, क्लबात तासाचे बाराशे देऊन खेळतात. तुमच्यावर राग नाही. पण तुमच्या कपाटात जुनं पॅडल पडलेलं असतं, आणि तुमच्या आठवड्यात एक तास असतो. बागेतल्या, शाळेच्या पटांगणातल्या, सोसायटीच्या पार्किंगमधल्या एखाद्या कोर्टाला ते पॅडल द्या आणि तो तास शिकवा. खडूने रेघा मारल्या तरी कोर्ट होतं. पिकलबॉलने समाज जोडा वगैरे फलक लावायची गरज नाही. एकदा येऊन रांगेत पॅडल ठेवलंत तरी बरंच झालं.

आणि निविदा भरणाऱ्यांना: तुम्हालाही धंदा करायचा आहे, करा. शहरात रिकामे टेरेस, बंद गोदामं, मॉलच्या वरचे मजले कमी नाहीत. बागच कशाला?

महोदय, मागण्या साध्या आहेत.

हा करार तूर्त थांबवा. बागेच्या फाटकावर पंधरा दिवस आधी सूचना लावून, संध्याकाळी सहानंतर, कामावर जाणाऱ्यांनाही येता येईल अशा वेळी बैठक घ्या, आणि भिंतीपलीकडच्या इमारतीला तिचं पत्र पाठवा.

जुनं कोर्ट कुठल्याही करारातून वगळा. ते विनामूल्य आणि विनाबुकिंग राहू द्या. शेजारच्या पट्टीवर काही करायचंच असेल तर तिथेही रोज सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन तास रांगेचे, फुकट, हे करारात लिहा. ‘शक्यतो’ हा शब्द त्यात नको.

दिवे रात्री नऊला बंद. आवाज मोजा, आणि आकडा फाटकावर लावा. आमचा खेळ मर्यादेबाहेर जात असेल तर आम्हीही वेळ कमी करू, तसं लिहून देते.

आम्हाला लेखी परवानगी द्या, आणि तिच्यात आमच्या जबाबदाऱ्याही घाला: शेवाळ काढणं, रेघा मारणं, मुलांची वेळ पाळणं, हिशेब उघडा ठेवणं. आज सगळं तोंडी चाललंय. उद्या आमच्यातलाच कुणी दांडगाई करायला लागला तर त्याला दाखवायला आमच्याकडेही कागद नाही.

आणि आमच्या दोन अर्जांची उत्तरं द्या. नकार असला तरी चालेल, कारणासह द्या.

पाहणीला कुणाला पाठवणार असाल तर दुपारी दोनला नको. सकाळी साडेसात ते साडेआठच्या मध्ये पाठवा. येताना पॅडल आणायची गरज नाही, फळीवर आहेत. वहीत नाव लिहायचं आणि बाकावर पॅडल ठेवायचं. गर्दी असली तर नंबर यायला वीसेक मिनिटं लागतात.

आपली,
बागेतल्या रांगेतली एक
(नाव आणि पत्ता दोन्ही अर्जांवर आहे)